गुडघ्यामागचं लाल कडं

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या घरामागे कुंपण नाही, थेट जंगलच सुरू होतं. पाइनची उंच झाडं, त्यांचे तांबूस बुंधे, खाली पाय रुततील असं मऊ शेवाळ. शेवाळातून वर आलेली खुजी झुडपं, आणि त्यांना लगडलेली निळी फळं. दोन मुठी खाल्ली की जीभ संध्याकाळपर्यंत निळी. आता समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात, हातात डबा आहे, अंगात लांब बाह्यांचा सदरा आहे आणि विजारीची टोकं मोज्यांत खोचली आहेत. उकाड्याने जीव नकोसा झालाय, तरी खोचली आहेत. का, ते तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. गवताच्या पात्याच्या टोकावर तिळाएवढा एक गोचीड पुढचे दोन पाय पसरून बसलेला असतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. तो फक्त वाट बघतो. कुणीतरी येईल, अंग घासून जाईल, की लगेच धरायचं.

वाट बघण्यात मिग्लेसुद्धा पटाईत होती.

मिग्लेची आई दाइवा नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या बाबांचं आणि आईचं कधीच फाटलं होतं, ते कुठे असतात हेही कुणी बोलत नसे. म्हणून मिग्ले लिथुआनियाच्या दक्षिणेकडच्या त्या जंगलातल्या गावात आपल्या आजोबांकडे राहायची. आजोबांचं नाव मोतियूस. सगळी हयात त्यांनी वनरक्षकाची नोकरी केली होती. घरात तिसरा रूदिस, तांबड्या केसांचा कुत्रा, ज्याला बाहेर झोपायची सक्ती होती आणि जो रोज मिग्लेच्या पायथ्याशी सापडायचा.

रविवारी दुपारी आईचा फोन यायचा. फोनवर तिचा चेहरा दिसायचा, मागे पांढरी भिंत. फोन यायच्या आधी आजोबा मिग्लेचे केस ओल्या हाताने बसवायचे आणि म्हणायचे, "चल, हसरं तोंड कर. तिकडे एकटी असते ती. इकडचं काही ऐकून तिचा जीव खाली-वर व्हायला नको."

मग आई विचारायची, "काय म्हणतेस, राणी?"

"सगळं छान आहे," मिग्ले म्हणायची.

"आणि बाबा, तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय!" आजोबा म्हणायचे, आणि सुजलेला गुडघा टेबलाखाली आणखी आत सरकवायचे.

आई यायची ती नाताळाला. एकदाच फक्त ती मध्ये आली होती. गेल्या फेब्रुवारीत मिग्लेच्या छातीत कफ साठला, ताप उतरेना, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तर समोर आई. अकरा दिवस राहिली. घरी आल्यावर दोघी एकाच पलंगावर झोपायच्या. आईच्या केसांना मासळीचा वास येत होता, कितीही धुतले तरी जायचा नाही. आईला त्याची लाज वाटायची. मिग्ले मात्र नाक त्या केसांत खुपसूनच झोपायची. आई गेल्यावर उशीला तो वास चार दिवस राहिला. मग तोही गेला. तेव्हापासून मिग्ले कधीकधी तळघरात जाऊन खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी उघडायची आणि डोळे मिटून हुंगायची. हेरिंग तिला मुळीच आवडत नसे.

उन्हाळ्यात रोज संध्याकाळी आजोबांची तपासणी असायची. घराच्या पायरीवर ते भिंग आणि बारीक टोकाचा चिमटा घेऊन बसायचे. जंगलातून आलेल्या कुणालाही तपासणीशिवाय उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती.

"केस वर. कान पुढे. हात वर कर, काख बघू."

"आजोबा, गुदगुल्या होतात!"

"गोचिडाला सांग. तो हसला तर सोडतो तुला."

मग रूदिसची पाळी. त्याच्या कानांमागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत आजोबा हळूहळू चाचपडत जायचे. गोचीड सापडला की चिमटा अगदी कातडीला टेकवून त्याला तोंडाशी धरायचे आणि न पिळता, न हिसकता सरळ वर ओढायचे. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत जायचा. मग आजोबा आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर लाल पेन्सिलीने फुली मारायचे. शेजारी अक्षर, मिग्लेसाठी मि, रूदिससाठी रू. तिथून तीस घरं मोजायची. तीस दिवस त्या माणसाकडे किंवा त्या कुत्र्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. काही झालं नाही तर फुलीभोवती गोल, म्हणजे सुटलो.

या वर्षी फक्त एक बदल झाला होता. मिग्ले म्हणाली होती, "पाय माझे मी बघेन. मी आता मोठी झाले." आजोबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

तपासणी झाली की आजोबा विचारायचे, "आता सांग." त्यांना जंगल ऐकायचं असे. दोन वर्षांत ते ओढ्यापलीकडे गेले नव्हते. गुडघा जाऊ देत नव्हता.

"मोडक्या पाइनवर सुतार पक्षी आहे का अजून?"

"आहे. दोन पिल्लं आहेत."

"आणि ओढ्याजवळचे मशरूम?"

"पिवळेधमक. पण कमी आहेत, पाऊस नाही ना."

"हं," आजोबा म्हणायचे, आणि झाडांच्या रांगेकडे बघत राहायचे.

जून सरत आला होता. शनिवारी सगळं गाव आपापल्या वाफेच्या न्हाणीघरात अंग शेकायचं. त्या शनिवारी मिग्ले न्हाणीघरात एकटी बसली होती. अंग पुसताना डाव्या गुडघ्यामागे बोटाला काहीतरी टोचलं. आरशाच्या तुकड्यात बघितलं तर काळपट ठिपका, त्याला बारीक पाय.

तिने तोंड उघडलं. "आजो..." एवढंच आलं. आणि मग तिला फेब्रुवारी आठवला. ताप, दवाखाना, तिसरा दिवस, आईचे केस.

मिग्लेने तोंड मिटलं. टॉवेल गुंडाळला आणि गुडघ्यावर येणारे लांब मोजे चढवून बाहेर आली.

मुलांनो, लगेच तिला वेडी म्हणू नका. तुम्हाला कधी कुणाची इतकी आठवण आली आहे का, की पोटात खड्डा पडावा? तसा खड्डा घेऊन ही मुलगी चार महिने हिंडत होती आणि दर रविवारी "सगळं छान आहे" म्हणत होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याही दिवशी तिने तेच सांगितलं.

सोमवारी ती शेजारच्या झोसेमावशीकडे रिकामा दुधाचा कॅन द्यायला गेली. झोसेमावशी सत्तरीची, आवाज गावच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा, गाडी अजून स्वतः चालवायची. मिग्ले चड्डीवर होती, लांब मोजे उकाड्याने खाली घसरले होते. वळली, तशी मावशी ओरडली, "अगं बये! हे काय मिरवतेस मागे? फुगलाय चांगला वाटाण्यासारखा! ये इकडे. लोणी आणते."

"आजोबा म्हणतात, लोणी नाही लावायचं. चिमट्याने सरळ..."

"तुझे आजोबा कागद वाचून म्हातारे झाले. मी गोचीड काढून म्हातारी झाले. बस गुमान."

मावशीने गोळाभर लोणी थापलं. गुदमरला की तो आपण होऊन सोडतो, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईने. तो गुदमरेपर्यंत मिग्लेला बकव्हीटची, म्हणजे कुट्टूची वडी आणि ताक मिळालं, मावशीच्या सुनेच्या तक्रारी ऐकायला मिळाल्या. गोचिडाने काही सोडलं नाही. शेवटी मावशीने नखांनी पिळून ओढून काढला.

"झालं! आणि मोतियूसला सांगू नकोस बरं, तो लगेच फुल्या मारत बसेल. लस टोचलीय ना तुला? तीनदा? मग कसली भीती! तुला चावून त्याचेच दात पडले असतील."

ही लसीची चूक त्या भागात घरोघरी होते. गोचिडामुळे मेंदूज्वर होतो, त्याची ती लस. तो आजार वेगळा. पण तोच गोचीड लाइमचा आजारही देतो, आणि त्याला ती लस काही करू शकत नाही. लोण्याचं म्हणाल, तर गोचीड गुदमरत वगैरे नाही. तो चिकटलेला राहतो, आणि जितका जास्त वेळ राहील तितका धोका वाढतो. झोसेमावशीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

घरी परतताना मिग्लेला खरं तर वाईटच वाटत होतं. दात त्याचेच पडले असतील तर आता काही होणार नाही. म्हणजे आई नाताळालाच.

कॅलेंडरातल्या त्या सोमवारवर कसलीच फुली पडली नाही.

जुलै लागला. एका सकाळी मोजा चढवताना मिग्लेला गुडघ्यामागे लाल डाग दिसला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. दोन युरोच्या नाण्याएवढा होता. दोन दिवसांनी तो बशीएवढा व्हायला निघाला, कडेने लालबुंद आणि मध्ये फिकट, जणू कुणी कडं घातलंय. मिग्लेच्या छातीत धडधडलं. घाबरून नव्हे. तिने दप्तरातून निळं बॉलपेन काढलं आणि कड्याच्या बाहेरच्या कडेवरून हलकेच रेघ ओढली. दोन दिवसांनी लाली रेघेच्या बाहेर गेली होती. तिने दुसरी रेघ ओढली. मग तिसरी.

रोज सकाळी ती तापमापी काखेत धरून बसायची. छत्तीस पूर्णांक सहा. दुसऱ्या दिवशीही छत्तीस पूर्णांक सहा. ताप नव्हताच.

"तापमापीशी काय खेळतेस सारखी?" आजोबांनी विचारलं.

"बघते, चालते का."

"चालते ती. मी नाही चालत," आजोबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग उठताना त्यांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली, की बोटं पांढरी पडली.

मिग्ले ताप यायची वाट बघत राहिली. झोपताना ती मनात बेत करायची. आधी ताप, मग दवाखाना, मग आजोबा फोन करतील, मग विमान. आई दारात उभी राहील, तेव्हा आपण डोळे अर्धेच उघडायचे, म्हणजे ती वाकेल, आणि तिचे केस तोंडावर येतील.

पाचवी रेघ ओढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रूदिस उठला नाही.

आजोबांनी पावाचा कडक तुकडा टेबलावर आपटला. एरवी या आवाजाला तो झोपेतूनही धावत यायचा. आज त्याने फक्त शेपटी एकदा हलवली. मिग्लेने त्याला ओढून अंगणात नेलं. कुंपणाशी तो कसाबसा उभा राहिला, आणि त्याची लघवी बघून मिग्ले किंचाळली. बिटाच्या रसासारखी गडद लाल होती.

आजोबा लंगडत कॅलेंडरापाशी गेले. बोट फिरवत त्यांनी रू मोजले. "तीन. दोन आठवड्यांत तीन."  मग म्हणाले, "जूनची गोचिडाची गोळी राहिली त्याची. तालुक्याला जायला हवं होतं मला. बसपर्यंत चालवलं असतं तर..."  "झोसेला हाक मार. गाडी काढ म्हणावं."

झोसेमावशीने घरातली चप्पल न बदलता गाडी काढली. तालुक्याच्या, वारेनाच्या रस्त्याला ती अशी सुटली, की मागच्या सीटवर रूदिसला मांडीवर घेऊन बसलेली मिग्ले दोनदा दारावर आपटली. "धरून बसा!" मावशी ओरडत होती. "कुत्र्याला वाचवायला निघालोय, आपण मरायला नको!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रूदिसच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि मान डोलावली. "गोचिडाचाच ताप आहे. रक्तातल्या पेशी फोडतो हा. पण लवकर आणलंत. उद्यावर टाकलं असतं तर सांगता आलं नसतं." त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. "संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे."

मग त्या रूदिसचं डोकं थोपटत मिग्लेकडे बघून म्हणाल्या, "याला बिचाऱ्याला सांगता येत नाही ना, की मला बरं वाटत नाही. म्हणून आपणच बघावं लागतं. माणसाचं बरं असतं. माणूस बोलतो."

मिग्लेने त्याच्याकडे बघितलं. रूदिसच्या जिभेचं टोक बाहेर आलं होतं आणि ते गुलाबी नव्हतं, मळक्या कागदासारखं झालं होतं. गोचिडामुळे आजारी पडणं म्हणजे असं असतं, हे तिने कधी मनात आणलंच नव्हतं. तिच्या बेतात फक्त ताप होता, आणि दार, आणि आई.

बाहेर अंगणात बाक होता. आजोबा पाय लांब करून बसले. झोसेमावशी पिशवीत काहीतरी शोधत होती. मिग्ले आजोबांसमोर जाऊन उभी राहिली, पाठमोरी झाली आणि तिने विजार गुडघ्यावर चढवली.

मावशीचं शोधणं थांबलं.

आजोबा बाकावरून पुढे झुकले. मग त्यांचं खरबरीत बोट तिच्या कातडीला लागलं. तोडलेल्या झाडाच्या खोडावर वर्षं मोजायला ते फिरवत, तसं ते बोट आतल्या निळ्या रेघेवरून बाहेरच्या रेघेवर गेलं.

"या रेघा कुणी काढल्या?"

"मी."

"किती दिवसांनी एक?"

"दोन."

"पाच रेघा." आजोबांचा आवाज अगदी हळू झाला. "मोज्याखाली ठेवलंस होय. दहा दिवस."

"जास्त," मिग्ले म्हणाली. "आधी नुसता डाग होता. आणि त्याच्याही आधी गोचीड होता." आणि मग तिला रडू फुटलं.

झोसेमावशी मध्येच बोलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बाकाच्या पलीकडे गेला नाही. "मोतियूस, तो मी काढला. लोणी लावून. मीच म्हटलं तिला, सांगू नकोस म्हणून. मला वाटलं, लस आहे तिला."

मिग्लेला वाटलं, आता आजोबा भडकणार. पण त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "झोसे, माझ्याही मांडीवर लावलं होतंस तू लोणी. आठवतंय? तीस वर्षं झाली. मीच मागितलं होतं तेव्हा." मग ते मिग्लेकडे वळले. "मलाही असंच कडं उठलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. महिन्याभराने आपोआप गेलं. मी म्हटलं, संपलं. पण ते गेलं नव्हतं, आत शिरलं होतं. हिवाळ्यात गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा सुजला. कशाने, ते कळायला दोन वर्षं गेली. वनरक्षक मी, आणि गोचिडाने मला बसवलं. सांगायची लाज वाटली, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

मिग्ले रडायची थांबली. ती आजोबांच्या गुडघ्याकडे बघत होती. तिला वाटायचं, म्हातारपण म्हणजे गुडघा.

"ऊठ," आजोबा स्वतःलाच म्हणाले आणि उठले. "झोसे, आता माणसांच्या डॉक्टरांकडे. आणि जरा सावकाश चालव."

माणसांचे डॉक्टर टकले आणि शांत होते. त्यांनी कडं बघितलं, निळ्या रेघा बघितल्या आणि भुवया उंचावल्या. "असं नोंदून आणणारा रुग्ण मला पहिल्यांदाच भेटतोय." रक्त तपासायची गरज नाही, असं कडं म्हणजे लाइमच, असं ते म्हणाले. औषध लिहून दिलं. दिवसातून तीनदा, दोन आठवडे, एकही वेळ न चुकवता. "कडं गेलं म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही. ताप येईल म्हणून थांबला असतात तर कदाचित तो आलाच नसता, आणि आजार मात्र आत राहिला असता. आता काळजी नको. वेळेत आलात. पूर्ण बरी होशील."

"पूर्ण?" मिग्लेने विचारलं.

"पूर्ण."

"दवाखान्यात नाही राहावं लागणार?"

"छे! घरी जा, मजेत राहा."

"अच्छा," मिग्ले म्हणाली. आणि ते ती अशा पडलेल्या आवाजात म्हणाली, की आजोबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. जंगलात ओली माती बघून इथून कोणतं जनावर गेलं हे त्यांना कळायचं, तसंच काहीतरी त्यांना आत्ता कळलं होतं.

परतीच्या वाटेवर रूदिस मिग्लेच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. जीभ आत होती. मावशी बैलगाडीच्या वेगाने चालवत होती आणि मागून येणारे सगळे भोंगे वाजवत होते, पण तिने कुणालाही शिवी दिली नाही. घराशी उतरताना मात्र ती खिडकीतून म्हणाली, "उद्या तो चिमटा कसा धरायचा ते दाखव मला, मोतियूस. आणि हसलास तर बघ!"

घरी मिग्लेने पहिला घोट औषध घेतलं. आजोबांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि लाल पेन्सिल तिच्याकडे सरकवली. तिने मागे जाऊन तो सोमवार शोधला, त्याच्यावर फुली मारली. शेजारी मि लिहिलं. मग आजोबांनी पेन्सिल घेतली आणि सगळ्यात वर, तारखाच नसलेल्या मोकळ्या जागेत, आणखी एक फुली मारली. शेजारी मो लिहिलं.

"तीस वर्षं उशिरा," ते म्हणाले.

बाहेर अजून लख्ख उजेड होता. दोघं पायरीवर जाऊन बसले, रूदिस त्यांच्या मध्ये. आज आजोबांनी सुतार पक्ष्याचं विचारलं नाही.

"तळघरातली हेरिंगची बरणी," ते म्हणाले. "झाकण नेहमी सैल असतं. आणि तुला तर हेरिंग आवडत नाही."

मिग्लेचे कान लाल झाले.

"मला माहीत होतं तू का हुंगतेस ते. तरी मी दर रविवारी सांगत राहिलो, हसरं तोंड कर. मला वाटलं, आपण छान आहोत म्हटलं की ती तिकडे नीट झोपेल." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "मीही तिला तेच सांगत राहिलो. गोचीड अंगावर दाबून ठेवण्यातलाच प्रकार झाला हा. मी शिकवला तुला. मूर्ख म्हातारा!"

"तुम्ही मूर्ख नाही," मिग्ले म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, "तिला सांगितलं, तरी ती येईलच असं नाही ना? कारखान्यात सुट्टी मिळत नाही."

"नाही मिळणार कदाचित. ते मला माहीत नाही." आजोबांनी खिशातून फोन काढला आणि पायरीवर तिच्याजवळ ठेवला. "पण तिने न येण्यासाठी तरी तिला कळायला हवं, की तिला बोलावलंय."

मिग्लेने फोनकडे बघितलं. आज बुधवार होता. बुधवारी कधीच फोन होत नसे. आजोबांनी तिचे केस बसवायला हात उचलला, मग तो तसाच खाली घेतला.

मिग्लेने आकडा दाबला. तिकडे खूप वेळ वाजत राहिलं. मग आईचा चेहरा आला, डोक्याला जाळीची पांढरी टोपी, मागे यंत्रांची घरघर.

"मिग्ले? आज कशी काय? काय झालं? बाबा कुठेत?"

मिग्लेने आधी फोन खाली वळवला आणि तिला गुडघ्यामागचं लाल कडं दाखवलं, त्यावरच्या पाचही निळ्या रेघांसकट. मग आजोबांचा सुजलेला गुडघा दाखवला. आजोबांनी पाय मागे घेतला नाही. मग तिने फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला, आणि तोंड हसरं केलं नाही.

"आई, मी औषधाने बरी होणार आहे, डॉक्टर म्हणाले," ती म्हणाली. "पण तू ये."